४,२९,४९,६७,२९७ मूळ नाही

लहानसहान मूळ संख्यांनी भाग जात नाही, म्हणून ४,२९,४९,६७,२९७ मूळच असणार, असं एका ठिकाणी म्हटलेलं वाचलं. सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा, त्यालाही तसंच वाटलं होतं! ही संख्या म्हणजे २^३२ + १ (२ चा ३२ वा घात अधिक १). याच घडणीच्या, म्हणजे ३२ च्या जागी १, २, ४, ८, १६ घेऊन येणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही मूळ निघतात, मग पुढच्याही तशाच असं त्याने धरलं. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने ६४१ हा विभाजक दाखवला. भागाकार ६७,००,४१७, तो मात्र खरंच मूळ आहे.

मोठा भागाकार न मांडताही हे पटवता येतं, आणि मला तेच फार सुंदर वाटतं. ६४१ = ५ × २^७ + १. म्हणजे ६४१ ने भागताना ५ × २^७ च्या जागी −१ धरता येतो. दोन्हींचा चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. पण ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा आहे (६२५ + १६, करून बघा), म्हणून ५^४ ऐवजी −२^४ ठेवा. −२^३२ ची बाकी १ आली, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने नि:शेष भाग जातो.

शोधणंही अवघड नाही. विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, त्यामुळे अशा संख्यांमधल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ तपासल्या की पाचवी ६४१.