चारची भूक आणि ड्रॉवरमधली डबी

दुपारी चारला लागणाऱ्या भुकेसाठी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये शेंगदाणे ठेवा, असं कुणी ना कुणी सुचवतंच. सल्ला चांगला, फक्त बरणी ठेवू नका हो. मी ठेवली होती, अर्ध्या किलोची. डोळे एक्सेलमध्ये आणि हात आपोआप बरणीत. चार दिवसांत तळ दिसला. 100 ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, म्हणजे एक जेवणच झालं की!

आता रात्री ओटा आवरतानाच छोटी स्टीलची डबी भरून ठेवते. मूठभर फुटाणे, वर थोडेसे दाणे, कधी तुपावर कुरकुरीत केलेला कढीपत्ता. फुटाणे सालासकटच घ्या. चावायला वेळ लागतो, तेवढ्यात भूक निवते. डबी संपली की विषय संपला.

माझा खरा घोळ मात्र चहात निघाला. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर. चमचा 4 ग्रॅमचा धरला तरी नुसत्या चहातून 40 ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. आता तीन कप, अर्धा चमचा. पहिला आठवडा चहा अगदी पानचट लागला. परवा नणंदेकडचा नेहमीचा चहा प्यायले, तर पाकच वाटला.

पाण्याची बाटली मुद्दाम अर्ध्या लिटरची घेतलीय, म्हणजे भरायला उठावंच लागतं. तिथे पॅन्ट्रीत कुणाच्या वाढदिवसाचा केक दिसला तर काय करायचं, ते मात्र तुम्हीच सांगा.