मदत हवी आहे: इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचं पॅनेल घरी साफ करता येतं का? (ठाणे)

मंडळी, प्रश्न जरा आडवळणाचा आहे पण इथे ऑडिओचं वेड असलेले बरेच जण आहेत म्हणून टाकतोय.

माझ्याकडे मार्टिन लोगन कंपनीचे जुने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आहेत, मॉडेल एरियस आय. सेकंडहँड घेतले, आधीच्या मालकाने अमेरिकेहून आणलेले, म्हणून ११० व्होल्टचे, दोन्ही एकाच स्टेपडाउनवर (घरची वीज ११० व्होल्टवर आणणारा ट्रान्सफॉर्मर) चालवतो. खाली नेहमीसारखा वूफर, म्हणजे बेसचा गोल स्पीकर, आणि वर आरपार दिसणारं उभं पॅनेल. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, भोकं पाडलेले दोन पत्रे, मधोमध ताणलेली केसाहून पातळ प्लास्टिकची फिल्म, फिल्मवर काही हजार व्होल्टचा चार्ज, आणि गाण्याचा सिग्नल जातो तो पत्र्यांना. फिल्म पुढेमागे ओढली जाते तोच आवाज.

आता प्रॉब्लेम असा की डाव्या पॅनेलचा आवाज बसलाय. बेस ठीक आहे, तो वूफरचाच, पण वरचं सगळं दबलेलं, त्यामुळे भीमसेनजी लावले की ते मधोमध बसायचं सोडून उजव्या खिडकीपाशी जाऊन बसतात आणि तानपुरा तर पूर्ण एकाच बाजूला. शिवाय मधूनच टिक टिक येतं, गाणं बंद असताना जास्त कळतं. बायको म्हणते पाल असेल.

एक गंमत लक्षात आली. हॉलमधला एसी तास-दोन तास चालला की डावा स्पीकर बराच सुधारतो, आणि एसी बंद करून खिडक्या उघडल्या की परत ये रे माझ्या मागल्या. पावसाळ्याआधी इतकं नव्हतं.

घर घोडबंदर रोडला, समोर मेट्रो ४ चं काम, मागे टॉवर उठतोय, त्यामुळे धुळीचं काय विचारता. किचन ओपन, म्हणजे फोडणीचा धूर थेट हॉलमध्ये, वर संध्याकाळची उदबत्ती. टॉर्च तिरका मारून बघितलं तर जाळीच्या भोकांच्या कडेला काळपट, किंचित चिकट धूळ बसलीय, खालच्या बाजूला जास्त, आणि एका भोकात आत एक चिलट अडकलंय, पंखासकट.

दुरुस्तीवाल्याकडे विचारलं तर ‘पॅनेल बदला’ एवढंच उत्तर. बाहेरून मागवायचं म्हणजे शिपिंग, कस्टम, सगळंच आलं. नेटवर बघतो तर परदेशातले लोक पॅनेल काढून सरळ बाथरूममध्ये शॉवरखाली धरतात! खरंच करतात का हे? आणि व्हॅक्यूम लावला तर फिल्म ओढली जाऊन फाटणार नाही ना? इथल्या हवेत कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.

टकाटक_ठाणेकर: कॉलिन मारा, मायक्रोफायबरने पुसा, चकाचक 👍

रिटायर्ड_मेगर: कॉलिन नको हो! फवारा भोकातून आत गेला की फिल्मवर काय थर राहील त्याचा भरवसा नाही. ओलं फडकंही नको, घरी कामाला मावशी येत असतील तर त्यांनाही आजच सांगून ठेवा.

एसीचं निरीक्षण तुम्ही स्वतःच लिहिलंत, त्यातच अर्धं उत्तर आहे. धुळीमुळे आवाज ‘अडतो’ असं सगळ्यांना वाटतं, तसं नाहीये ते. फिल्मला चार्ज देणाऱ्या सप्लायच्या वाटेत मुद्दाम प्रचंड मोठा रेझिस्टन्स ठेवलेला असतो, करंट जवळजवळ शून्य, त्यामुळे थोडी जरी गळती झाली की व्होल्टेज धाडकन खाली येतं. कोरडी धूळ फारसं बिघडवत नाही, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात तीच धूळ दमट होते, त्यात तेलकट धूर आणि उदबत्तीची काजळी, की चार्जला पळायला रस्ता तयार. एसीने हवा कोरडी झाली की रस्ता बंद, म्हणून आवाज परत. टिक टिक म्हणजे बहुतेक तुमचं ते चिलट किंवा धुळीचा पुंजका, तिथून बारीक डिस्चार्ज होतोय.

पण धुण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते बघा. पहिलं, अँपच्या (अँप्लिफायरच्या) मागे डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करा. दबलेला आवाज उजवीकडे गेला तर दोष अँपचा किंवा त्याच्या आधीचा. स्पीकर तोच राहिला तर मग दोन्ही पॅनेल काढून एकमेकांच्या बॉक्सवर लावा. दोष पॅनेलबरोबर गेला तर पॅनेल, बॉक्सपाशीच राहिला तर आतला हाय व्होल्टेज सप्लाय, तिथे व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवणारी डायोड आणि कपॅसिटरची शिडी असते, त्यातला एखादा गेलेला असू शकतो, आणि मग कितीही धुतलंत तरी काही होणार नाही. स्टेपडाउन दोघांना एकच आहे, तेव्हा त्याच्यावर संशय नको.

साधा मल्टिमीटर लावून हे व्होल्टेज मोजायला जाऊ नका. मीटर तेवढ्यासाठी बनलेला नसतो, आणि त्याच्या लोडनेच व्होल्टेज इतकं पडतं की चांगला स्पीकरही मेलेला दिसतो.

वाशीची_क्वाडवाली: माझ्याकडे क्वाड कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक आहेत, मॉडेल ६३. मी एवढंच सांगायला आले की इथे वाचून कोणी क्वाडला पाणी लावू नका! १९५७ चं पहिलं मॉडेल असो की १९८१ चं ६३, त्यांची बांधणीच वेगळी, पॅनेलच्या पुढेमागे धूळ अडवायला वेगळी पातळ फिल्म असते आणि ती फाटली की काम कारागिराचंच. माझा सगळा जोर धूळ येऊच नये यावर आहे, खाडी जवळ असल्याने दमटपणा तर बारा महिने. ऐकायचं नसेल तेव्हा प्लग बंद, कारण चार्ज असलेली फिल्म धूळ खेचतच राहते, आणि वरून जुन्या सुती साडीचा गवसणीवजा कव्हर शिवलाय. पावसाळ्यात डीह्युमिडिफायर. उदबत्ती बाल्कनीत, यावर सासूबाईंशी तह झालाय.

धागाकर्ता: सगळ्यांना थँक्यू. मेगरकाका, सांगितलंत तसं केलं. वायरी बदलून काही फरक नाही, पण पॅनेल बदलल्यावर दोष पॅनेलबरोबर उजवीकडे गेला. म्हणजे सप्लाय वाचला! आता शॉवर?

रिटायर्ड_मेगर: आधी व्हॅक्यूम. रात्रीच मेनचा प्लग काढून ठेवा, नुसतं अँप बंद करून भागत नाही, चार्ज बराच वेळ टिकतो. सकाळी मऊ ब्रशची नळी लावून पुढून आणि मागून हळूहळू फिरवा. फिल्म ओढली जाते, थोडी हलतानाही दिसेल, घाबरू नका, पत्रे तिला अडवतात. ब्लोअर किंवा हवेचा कॅन अजिबात नको, बाहेरची धूळ आत ढकलली जाईल. चिलट बहुतेक यातच निघेल, काडीने कोरू नका.

याने भागलं नाही तर धुवा, पण आत्ता ऑगस्टमध्ये नको, वाळणारच नाही. ऑक्टोबर हीटपर्यंत थांबा. पॅनेल बॉक्सपासून पूर्ण सुटं करायचं, बॉक्सला पाण्याचा थेंब लागता कामा नये. तीन वायरी असतात, फोटो काढून प्रत्येकीला खूण करा, पुढच्या-मागच्या पत्र्याच्या वायरी उलट्या लागल्या तर फेज उलटी होते, म्हणजे एक फिल्म पुढे जाताना दुसरी मागे जाते. पत्र्यांच्या मधल्या पट्ट्या किंवा कडेची टेप कुठे सुटलेली दिसली तर धुणं रद्द, पाण्याने ती अजून सुटेल. सगळं घट्ट असेल तर कोमट पाणी, हँडशॉवर अगदी मंद, दोन्ही बाजूंनी. शेवटचं खंगाळणं डिस्टिल्ड वॉटरनेच, नळाच्या पाण्यातले क्षार आत राहिले की परत गळती सुरू. मग उभं ठेवून पंख्याखाली चांगलं काही दिवस वाळवा, ‘वाळलं असेल’ असं वाटल्यावर अजून दोन दिवस थांबा आणि मगच प्लग लावा.

धागाकर्ता: ओके काका. डिस्टिल्ड वॉटर मेडिकलवाल्याकडे छोट्या बाटल्यांत मिळतं, तेवढ्याने भागणार नाही ना?

टकाटक_ठाणेकर: बॅटरीच्या दुकानात जा साहेब, इन्व्हर्टरमध्ये घालतात ते पाच लिटरचे कॅन असतात. सीलबंद बघून घ्या. कॉलिनचं मागे घेतो 🙏