खांदा पुन्हा पुन्हा निखळतोय, एक्स-रे नॉर्मल. मदत हवी आहे

सांगलीकर_०७: धाकट्या भावाचा खांदा परत निखळला. एक्स-रेत हाड तुटलेलं नाही. डॉक्टरांनी सांधा बसवून स्लिंग दिलं. हाडाला काही झालं नाही तर खांदा निघतो कसा? पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. ऑपरेशन करावं का? लवकर सांगा.

सुमन_क: रोज तिळाच्या तेलाने मालीश करा. आमच्या हाडवैद्याने आत्याचा हात एका झटक्यात बसवला होता.

फिजिओ_वर्षा: सुमनताई, झटका नकोच. शेजारून नस जाते. ती दुखावली की खांद्याची बाहेरची बाजू बधिर होते, हात उचलेनासा होतो.
सांगलीकर, वय काय? कितव्यांदा? एमआरआय?

सांगलीकर_०७: १९. तिसऱ्यांदा. कबड्डी, चढाईला असतो. एक्स-रे नॉर्मल आहे म्हटलं ना, मग एमआरआय कशाला?

फिजिओ_वर्षा: एक्स-रेत लॅब्रम दिसत नाही. खांद्याची खोबणी मुळात उथळ. लॅब्रम ही तिच्या काठाची कूर्चेसारखी कड, पुढचं लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) तिलाच धरून असतं. वर उचललेल्या हाताला मागे हिसका बसला की कड पुढून-खालून सुटते. ब्रिटिश सर्जन बँकार्ट यांनी १९२३ मध्येच हे मांडलंय. शिवाय दर वेळी सांध्याचं आवरण आणखी सैल होतं. या वयात, या खेळात नुसत्या व्यायामावर भागेल असं मला वाटत नाही.

मिलिंद_पुणे: सरळ लाटार्जे ऑपरेशन करा. माझं झालंय, आता बॅडमिंटन खेळतो.

फिजिओ_वर्षा: तुमच्या खोबणीचं हाड झिजलं असेल. लाटार्जेत तिथे हाडाचा तुकडा स्क्रूने बसवतात. याचं हाड किती गेलंय ते सीटीशिवाय कसं ठरवणार? नुसती कड सुटली असेल तर दुर्बिणीतून शिवता येते.

मिलिंद_पुणे: कबड्डीत ती शिवण टिकत नाही. मित्राची उसवली.

तांबडी_माती: मॅट आली आणि खेळाडूंचे सांधे गेले. मातीवर परत या.

नाना_नाशिक: माझं वय ६१. पडून खांदा निखळला, बसवल्यावरही हात वर जाईना. खांद्याची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) फाटली होती. चाळिशीनंतर हे जरूर तपासा.

सांगलीकर_०७: नाना, तो १९ चा आहे! वर्षाताई, एमआरआय साधा की सांध्यात इंजेक्शनने औषध भरून?

फिजिओ_वर्षा: निखळला कधी?

सांगलीकर_०७: परवा.

फिजिओ_वर्षा: मग साधा, लगेच. सांध्यात आत्ता रक्त साठलेलं असतं, त्यात सुटलेली कड नीट दिसते. ते ओसरलं की औषध भरून करावा लागेल. आणि ही निवड चाचणी सोडा.