कन्झर्व्हेटरशिप, अ.पा.क. आणि 'सांभाळ'

बोरीकाठ

एका शब्दापाशी दोन दिवस अडून बसले आहे. अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांच्या कन्झर्व्हेटरशिपवर एक लेख मराठीत करायचाय. प्रकार असा, की अमुक एका व्यक्तीला स्वतःचं खाणंपिणं, औषधपाणी किंवा पैशाअडक्याचं बघता येत नाही असं कोर्टाला पटलं, की कोर्ट त्यासाठी दुसरा माणूस नेमतं. कधी तो पोटचा असतो, कधी फी घेऊन हेच काम करणारा परका. मोठ्या माणसांसाठी कॅलिफोर्नियात याला कन्झर्व्हेटरशिप म्हणतात, बऱ्याच राज्यांत गार्डियनशिप. आजीने कुठे राहायचं, घर विकायचं का, अशा गोष्टी मग तो ठरवू लागतो.

ब्रिटनी स्पीअर्समुळे हा शब्द आपल्याकडेही पोचला. फेब्रुवारी २००८ ते नोव्हेंबर २०२१, म्हणजे तेरा वर्षांच्या वर, बाई स्टेजवर गातेय, कमावतेय आणि तिच्या पैशांची सूत्रं बराच काळ वडिलांच्या हाती. पण ती तरुण होती, तिच्यामागे चाहते होते. लेखातल्या आज्यांमागे कोणी नाही. लास वेगासच्या बाजूला हा धंदा करणाऱ्या एका बाईला २०१९ साली १६ ते ४० वर्षांची शिक्षा झाली. परक्या म्हाताऱ्यांची गार्डियन होऊन त्यांनाच लुबाडलं म्हणून.

पालकत्व, संरक्षकत्व, अभिभावकत्व हे तीन शब्द लिहून खोडले. अभिभावक हिंदीतून आलेला वाटतो. संरक्षक म्हटलं की मला वनसंरक्षकच दिसतो, खाकीतला. (कॉन्झर्व्हेटर ऑफ फॉरेस्ट्स म्हणजे वनसंरक्षक, त्यामुळे शब्दशः चूक नाही. पण आजी म्हणजे साग नव्हे.) तुमच्याकडे काय म्हणतात?

शेवभाजी

पालकत्वच लिहा ना ताई. गार्डियन म्हणजे पालक, शाळेच्या दाखल्यापासून पाठ आहे. वाचणाऱ्याला लगेच कळेल.

बोरीकाठ

कळेल, पण काय कळेल? पालक म्हटला की समोर पाल्य आला. सत्तर-ऐंशी वर्षांची बाई एका शब्दात अर्ध्या चड्डीतल्या पोराच्या रांगेत बसते. आमची मोठमाय (आमच्या घरी आजीला मोठमाय म्हणायचे, आमच्याच काही नातेवाइकांत मोठी माय म्हणजे थोरली काकू) शेवटच्या काळात कोणी हाताला धरून उठवायला गेलं, की हात झटकायची. "मी काय धाकली पोर शे का?" नावं विसरली होती, हे विसरली नव्हती.

अप्पा, निवृत्त तलाठी

ताई, तुम्ही म्हणता ते सातबाऱ्यावर रोज दिसतं. अ.पा.क. वाचलंय कधी? 'अज्ञान अमुक अ.पा.क. आई तमुक.' अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालचा तो अज्ञान, वरचा सज्ञान. पोरगं अठराचं झालं की वयाचा दाखला घेऊन यायचं, अ.पा.क. शेरा कमी करा म्हणून अर्ज द्यायचा. नोकरीत असे किती शेरे कमी केले, मोजदाद नाही. ओठावर नुकती मिसरूड फुटलेली पोरं यायची, 'अप्पा, मी आता सज्ञान झालो' म्हणून छाती काढून सांगायची.

उलटी वाट मात्र आमच्या दप्तरात नव्हती. सज्ञान माणूस पुन्हा अज्ञान झाला, असा शेरा मी कधी ओढला नाही. म्हातारीला सून ओळखू येत नसली तरी उताऱ्यावर ती खातेदारच. त्यामुळे लोक शेऱ्याच्या भानगडीत पडत नाहीत, थेट अंगठा घेतात.

जुन्या कागदांत एक बरं होतं. कुणब्याची सही म्हणजे नांगराची निशाणी, बाईमाणसाची बांगडीची. वेडंवाकडं का होईना, ज्याचं त्याला काढावं लागे. अंगठ्याला तेवढंही लागत नाही. कोणीतरी मनगट धरलं की झालं.

शिरपूरची वकील

अप्पांच्या 'उलटी वाट नव्हती'वर थोडं. कोर्टात होती. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची तरतूद होती. २०१७ चा नवा कायदा आला, त्यात ते प्रकरणच राहिलं नाही. नव्या कायद्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' आहे, पण तो उपचारांपुरता. अपंग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यात 'मर्यादित पालकत्व' आहे. तिथे पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा असं कलम १४ सांगतं. म्हणजे पालकत्व शब्द सरकारनेही सोडला नाही, पण 'मर्यादित' लावून जरा वाकवला.

आणि शब्दचर्चाच आहे तर मुखत्यार घ्या. मूळ अरबी मुख्तार, म्हणजे निवडलेला. मी निवडला तो माझा मुखत्यार. कन्झर्व्हेटर कोर्ट निवडतं, म्हणून त्याला मुखत्यार म्हणू नका. लोकांची मोठी गैरसमजूत हीच, की आईचं कुलमुखत्यारपत्र हातात आहे म्हणजे आयुष्यभराची सोय झाली. देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की मुखत्यारी संपते, करार कायदा १८७२, कलम २०१. नेमकी गरज पडते त्याच दिवशी कागद निकामी. तरी त्यावर व्यवहार चालू राहतात, कारण विचारायला कोणी जात नाही.

चाळीसगावकर

सगळे चोरच असतात अशा सुरात चाललंय म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला होत्या, त्यातली अखेरची दोन काही बोलणं-समजणं नव्हतं. त्यांच्या नावावर मुदत ठेव होती. त्यांच्याच डायपरसाठी, नळीतून द्यायच्या पातळ अन्नासाठी पैसे हवे होते. बँक म्हणे खातेदाराची सही आणा. मी म्हटलं, येऊन बघा. साहेब आले, पाहिलं, हळहळले, चहा घेतला आणि सही आणा म्हणून गेले.

शेवटी वकिलांनी सांगितलं, औरंगाबाद खंडपीठात रिट करा. शुद्ध हरपलेल्या माणसासाठी नेमका कायदाच नसल्यामुळे उच्च न्यायालयं आपल्या अधिकारात पालक नेमतात म्हणे. चाळीसगाव ते औरंगाबाद मधे घाट, घरी बाजेवर सासू. आदेश यायच्या आधी त्या गेल्या. आम्हाला कोणी कन्झर्व्हेटर म्हणालं असतं तर मी पाया पडले असते.

बोरीकाठ

ताई, बरं झालं लिहिलंत. लेखात ही बाजू नाही, घालते.

तरी शब्दाकडे येते. तुमचंच उदाहरण धरून मला दोन गोष्टी वेगळ्या दिसायला लागल्यात. सासूबाईंचं तोंड पुसणं, कूस बदलणं हे तुम्ही करतच होतात, त्याला कोर्ट लागलं नाही. अडलं ते ठेवीपाशी. कॅलिफोर्नियातही कोर्ट हे दोन भाग पाडतं, देहाची कन्झर्व्हेटरशिप वेगळी, मालमत्तेची वेगळी. दोन्ही एकाच माणसाकडे असू शकतात.

मालमत्तेच्या भागाला आपला शब्द तयार आहे की. वहिवाट. मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची, हे खान्देशात शाळा न शिकलेल्यालाही समजतं. निम्मी भांडणं त्याचीच असतात.

अप्पा, निवृत्त तलाठी

बरोब्बर. आणि वहिवाट शब्दात धोका कसा आहे तोही घ्या. वहिवाटीचा रस्ता म्हणजे काय? वापरून वापरून हक्काचा झालेला. आधी बांधावरून बैल नेतो, मग गाडी, मग म्हणतो बापजाद्यापासूनचा रस्ता आहे. म्हातारीच्या पैशाचंही तसंच होतं बघा. पहिल्या महिन्यात विचारून काढतात.

साक्रीचा मास्तर

देहाच्या भागासाठी 'जपणूक' कसा वाटतो? आमच्या अहिराणीत निरोप देताना म्हणतात, जपीसन ऱ्हाय. फार मायेचा शब्द. अर्थात जपणे दुतोंडीही आहे. मांजर उंदरावर जपून बसतं, तेही जपणंच.

बोरीकाठ

मास्तर, हे भारी आहे. पण माझ्या मनात 'सांभाळ' घोळतोय, आणि तोही दुतोंडीच. का ते सांगायचं तर घरचं सांगावं लागेल. नाव-गाव कोणाचं घेत नाही.

मोठमायच्या कमरेला कायम एक किल्ली असायची, काळ्या दोऱ्यात ओवलेली. कोठीच्या खोलीची. आत दादर ज्वारीची पोती, बिबड्यांचे डबे, आणि एका पत्र्याच्या पेटीत तिचे पैसे. कानबाईच्या (आमच्याकडे श्रावणात घरी बसवतात ती देवी) रोटांना गहू काढायचे तर दार तीच उघडणार, आम्हा पोरांना उंबऱ्याबाहेर उभं करून. चालताना किल्ली वाजायची नाही, कारण ती चालताना डाव्या मुठीत धरायची. त्या सवयीने नऊवारीचा तेवढाच भाग मळका असायचा. आई ते नेमकं ठिकाण साबण लावून वेगळं घासायची.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी चहात मीठ. मग मला ती आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागली. आम्ही नोकऱ्यांसाठी पुण्यात. गावात जवळचे एक नातेवाईक होते, ते म्हणाले, काळजी करू नका, मी आहे ना. मोठमाय किल्ली हरवेल म्हणून त्यांनी ती सांभाळायला घेतली. पासबुक सांभाळायला घेतलं. उतारा, जुने दस्त, तिच्या पाटल्या, सगळं नीट सांभाळलं. माय सांभाळायची राहिली.

आम्ही दिवाळीला गेलो तर ती ओट्यावर बसलेली, डावी मूठ कमरेशी घट्ट मिटून. उघडून पाहिली, आत काही नव्हतं. मला जवळ ओढून विचारते, "वावरले पानी दिधं का?" वावर तोवर तिच्या नावावर राहिलं नव्हतं. ते आम्हाला पुढच्या वर्षी कळलं, तिला कधीच नाही. कोणी सांगायचं? दर भेटीत ती पाण्याचं विचारायची, आणि मी दिलं म्हणायचे.

शिरपूरची वकील

कोणता दस्त होता? हक्कसोड, की बक्षीसपत्र? आणि साल?

बोरीकाठ

बक्षीसपत्र, २०१४.

शिरपूरची वकील

मग तुमचा सांभाळ शब्द नुसता मायेचा नाही, कायद्याचाही आहे. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा निर्वाह कायदा, कलम २३. म्हाताऱ्या माणसाने 'माझं बघशील' या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने बघितलं नाही, तर तो दस्त रद्द ठरवता येतो. आपल्याकडे हे प्रांतसाहेबांपुढे चालतं. आता अट दस्तात कशी लिहिलीय यावर सगळं खेळतं. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अशी अट होती हे दिसलं पाहिजे, नुसतं आई आहे म्हणून गृहीत धरता येणार नाही. जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा हेतू पाहून अर्थ सैल घ्यावा असं म्हटलंय. पण दाद मागायची ती तिच्या हयातीत. नातवंडांना मागून कलम २३ उपयोगी पडत नाही. तरी दस्त काढून बघा. 'सांभाळ' हा शब्द आहे का, आणि पुढे क्रियापद काय आहे.

शेवभाजी

क्रियापद?

शिरपूरची वकील

'हयातभर सांभाळ करावा' म्हटलं तर अट झाली. निदान अट म्हणून मांडता तरी येते.

बोरीकाठ

लेखापुरतं ठरवलं. पहिल्यांदा 'कन्झर्व्हेटरशिप' तसंच ठेवून पुढे ती फोडणार : मालमत्तेची ती वहिवाट, माणसाचा तो सांभाळ. लास वेगासच्या त्या बाईबद्दलचा परिच्छेद मग एका ओळीत बसला. वहिवाट चालू, सांभाळ बंद. चाळीसगावच्या ताईंचं बरोबर उलटं, सांभाळ चालू होता आणि वहिवाट मिळत नव्हती. दोन्हीला 'पालकत्व' म्हटलं असतं तर हा फरक बुडाला असता.

आणि दस्त काढला. नक्कल माझ्याकडेच होती, चार वर्षं उघडली नव्हती. पहिल्या पानावर 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' आहेच. हा अक्कलहुशारी शब्द मी दस्ताबाहेर कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही. तारीख पाहिली तर श्रावणातली, कानबाईच्या आठवड्यातली. त्याच वर्षी तिने कानबाईसमोर बसून ही कोणाची बाई म्हणून विचारलं होतं. चतुःसीमा इतकी व्यवस्थित लिहिलीय की बांधावरचे दोन निंब आणि विहिरीतला चौथा हिस्साही सुटलेला नाही. शेवटी निशाणी डावा अंगठा. शाई जास्त झालीय, रेषा दिसत नाहीत.

सांभाळ शब्द तिसऱ्या पानावर आहे, एकदाच. 'लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा आजवर उत्तम प्रकारे सांभाळ केलेला आहे.'

केलेला आहे. त्यानंतर मोठमाय चार वर्षं जगली.