श्रवणयंत्राचा वापर वाढतो तसा फायदा कसा बदलतो? – अनुभव धागा

श्रवणयंत्र लावल्यावर पहिल्या काही दिवसांत जे ऐकू येते, त्यावरून पुष्कळ जण त्याची पारख करून मोकळे होतात आणि यंत्र कपाटात जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. वाढत्या वयातल्या श्रवणदोषात उच्च वारंवारतेचे आवाज आधी हरवतात. वर्षानुवर्षे कानी न पडलेले हे आवाज यंत्रामुळे परत आले, तरी ते ओळखायला मेंदूला सवड लागते. संशोधक स्टुअर्ट गेटहाउस यांनी १९९२ मध्ये या जुळवून घेण्याविषयी लिहिले. इतर अभ्यासांत मात्र हा परिणाम कुठे ठळक, तर कुठे अगदी किरकोळ आढळला. म्हणूनच दीर्घकाळ यंत्र वापरणाऱ्यांनी काय सुधारले, काय तसेच राहिले आणि काय बिघडले, हे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

मला आरंभी कागदाची सळसळ बोलण्याइतकीच मोठी वाटे आणि स्वतःचा आवाज रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा घुमे. सळसळ काही आठवड्यांत मागे पडली; घुमणे मात्र सवयीने गेले नाही, ऑडिओलॉजिस्टनी (श्रवणतज्ज्ञांनी) बंद डोम (कानात बसणारे यंत्राचे मऊ टोक) काढून छिद्रांचा डोम बसवला तेव्हाच ते थांबले. काय सवयीने जाईल आणि कशासाठी यंत्रातच बदल करून घ्यावा लागेल, हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘साल’ की ‘चाल’ अशी गफलत पुढे महिनोन्महिने हळूहळू कमी होत गेली. त्याहून मोठा लाभ असा, की दिवसभर कान देऊन ऐकल्यामुळे संध्याकाळी येणारा थकवा आता जाणवत नाही.

* * *

दोन्ही कानांचा दोष जवळपास सारखा असूनही मला बरीच वर्षे एकाच कानाला यंत्र होते. पुढे तपासणीत दिसले, की दुसऱ्या कानाचा ऑडिओग्राम (श्रवणतपासणीचा आलेख) फारसा बदललेला नाही, पण शब्द ओळखण्याची क्षमता घसरली आहे. यंत्र न लावलेल्या कानाबाबत असे घडू शकते, हे संशोधक सिलमन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच मांडले होते. आता त्याही कानाला यंत्र आहे. हाक कोणत्या बाजूने आली हे लवकर कळू लागले, तरी तो कान अजून पहिल्याची बरोबरी करत नाही.

* * *

माझ्या वडिलांचे यंत्र कमी आवाजावर सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवले होते. तरीही ते रुळेना. यंत्रातली वापराची नोंद पाहिल्यावर कारण कळले: ते केवळ पाहुणे आल्यावर, म्हणजे सर्वांत कठीण प्रसंगीच यंत्र लावत. घरात एकेकट्याशी बोलतानाही लावू लागल्यावर फरक पडला.

* * *

माझा फायदा आधी वाढला आणि मग उतरू लागला. यंत्राची कानातल्या मळाने बुजलेली जाळी बदलून थोडेच सुधारले, कारण श्रवणक्षमताही कमी झाली होती आणि यंत्र जुन्याच ऑडिओग्रामनुसार चालत होते. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळचा आवाज प्रत्यक्ष मोजला, सेटिंग नव्याने केली, आणि बोलणे पुन्हा स्पष्ट झाले.

* * *

वरील सर्व मान्य करूनही सांगते, की अनेक वर्षांच्या वापरानंतरही गोंगाटातले बोलणे मला अवघडच जाते. तिथे सवयीपेक्षा बोलणाऱ्याजवळ ठेवायचा वायरलेस मायक्रोफोन अधिक कामाला आला.