एसएमपीएसच्या वायरी, ग्राफिक कार्ड आणि आपले चटके

गंगापूर रोडवाला
गेल्या रविवारी भाच्याचा फोन आला, 'मामा, कॅबिनेटमधून जळका वास येतोय.' झाकण काढलं. ग्राफिक कार्डाकडचं टोक ठणठणीत, पण वायरीचा माग काढत खाली गेलो तर हार्डडिस्कला वीज देणारा साटा प्लग चॉकलेटी होऊन ओघळलेला. एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणारा डबा) कार्डाची वायरच नव्हती, म्हणून दुकानदाराने साटावरून ८ पिनी कन्व्हर्टर टेकवून दिला होता. साटाला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे जेमतेम ५४ वॅट. आणि ८ पिनी कार्ड तिथून १५० वॅटपर्यंत ओढू शकतं!

तुम्हीही पोळला असाल तर लिहा. दुकानाचं नाव नको, वायर कुठली होती ते सांगा.

सिडकोकर
माझा आळस मला नडला. नवा मॉड्युलर, म्हणजे वायरी काढता-घालता येणारा एसएमपीएस आणला, पण जुन्याच्या वायरी कॅबिनेटमागे इतक्या सुबक बांधल्या होत्या की उपसवेनात. नव्याच्या तोंडात त्या बिनतक्रार बसल्या. बटण दाबलं आणि लग्नाच्या फोटोंची हार्डडिस्क गेली.
कार्डाकडची, डिस्ककडची बाजू ठरलेली असते. एसएमपीएसकडे मात्र कुठल्या भोकात १२ व्होल्ट आणि कुठल्यात ५, हे ज्याचं तो ठरवतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतसुद्धा फरक निघतो. बायकोला अजून वाटतं व्हायरस आला होता. वाटू दे.

सातपूर, रात्रपाळी
रात्रपाळीहून येऊन पीसी जोडायला बसू नये. मी प्रोसेसरची ८ पिनी वायर कार्डात रेटली. जात नव्हती, तरी अंगठ्याने दाबली. पंखा एक गिरकी घेऊन थांबला. एसएमपीएस शहाणा होता म्हणून कार्ड वाचलं. प्रोसेसरची वायर ४+४ अशी सुटते, कार्डाची ६+२. आणि प्लग अडकवणाऱ्या खटक्याची बाजू बघा: प्रोसेसरच्या वायरीत १२ व्होल्ट खटक्याकडे असतात, कार्डाच्या वायरीत नेमके उलट.

नवखा_पंचवटी
माझ्या १६५० कार्डाला वायर लावायला जागाच नाही. डुप्लिकेट आलंय का?

गंगापूर रोडवाला
नाही रे. ७५ वॅट मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळतात, तेवढ्यात बरीच १६५० भागतात. काहींना ६ पिनी असते. तू निवांत खेळ.

देवळालीकर
आमच्याकडे ३०८० कार्ड, म्हणजे ३२० वॅटचं धूड. एकाच वायरीला दोन तोंडं होती, तीच दोन्हीकडे खोचली. गेम रंगात आला की स्क्रीन काळी. महिनाभर ड्रायव्हर बदलत बसलो. शेवटी एसएमपीएसपासून दुसरी वेगळी वायर ओढली, तेव्हापासून एकदाही नाही.

इंदिरानगरची ताई
नव्या कार्डांच्या १६ पिनी प्लगचं कुणी बोललंच नाही. माझ्या कार्डाची वायर बसली असं वाटलं, पण टॉर्च मारून पाहिलं तर नखाएवढी फट. त्यात बाजूची काच वायरीला दाबत होती, वायर प्लगच्या मुळाशीच वाकलेली. २०२३ मध्ये या कनेक्टरच्या संदेश देणाऱ्या चार बारीक पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्डाने वीज ओढूच नये. माझं कार्ड त्याआधीचं. आता काच न लावताच वापरते, धूळ बसते ती बसते.

नवखा_पंचवटी
सिडकोकर काका, त्या जुन्या वायरी पडून असतील तर मला द्याल का?

सिडकोकर
कात्रीने कापून टाकल्या.