नऊ वर्षांच्या भाचीने सांगितले. आता पुढे काय करावे?

प्रश्न : आत्या, इंदिरानगर
शिकवणीला जायची वेळ झाली की माझी भाची पोटात दुखते म्हणून रडत असे. परवा मी वेणी घालत असताना तिने आपण होऊन सांगितले, की शिकवणीचे काका, जे आमच्या नात्यातलेच आहेत, इतर मुले गेल्यावर तिला थांबवून घेतात, नको तिथे हात लावतात आणि ‘सांगितलेस तर आई आजारी पडेल’ असे बजावतात. दादा-वहिनी हादरून गेले आहेत. वडीलधारी मंडळी मात्र शिकवणी बंद करून विषय घरातच मिटवा म्हणतात. पोलिसांत गेल्यास मुलीचेच हाल होतील का? तिला आणखी काय विचारावे?

उत्तर : वकील, नाशिक
ताई, घरात मिटवण्याची मुभा कायद्याने ठेवलेलीच नाही. पोक्सो कायदा, २०१२ (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) याच्या कलम १९ नुसार ज्याला हे कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. हाल होतील ही भीती मी समजू शकतो, पण मुलीचा जबाब तिच्या घरी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आई-वडिलांच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. तपासणी महिला डॉक्टरच करतात. साक्षीच्या वेळी आरोपी तिच्या नजरेसमोर येणार नाही याची काळजी न्यायालयाला घ्यावी लागते, आणि बचाव पक्षाच्या वकिलालाही आपले प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारावे लागतात. यातले काही पाळले जात नसेल तर तिथल्या तिथे आग्रह धरा. १०९८ ही बालमदतवाहिनी आहे. मुलीची ओळख पटेल असा कोणताही तपशील इथे लिहू नका.

उत्तर : समुपदेशक, गंगापूर रोड
आता खोदून खोदून काहीही विचारू नका. तिने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत, तारखेनिशी लिहून ठेवा. ‘तू सांगितलेस ते फार चांगले केलेस, यात तुझी काहीच चूक नाही,’ हे तिने आई आणि बाबा दोघांच्याही तोंडून ऐकले पाहिजे. घरातील ताण पाहून उद्या ती ‘तसे काही झालेच नाही’ असेही म्हणेल; त्यावरून तिला खोटे ठरवू नका. झोपेत दचकणे, अंथरूण ओले होणे, विनाकारण चिडणे हे काही काळ चालू शकते, त्यासाठी बालमानसोपचारतज्ज्ञांची मदत अवश्य घ्या; मात्र शाळा, मैत्रिणी, खेळ बंद करू नका, कारण मुलाला ती शिक्षाच वाटते. तपासापासून खटल्यापर्यंत सोबत राहणारी सहाय्यक व्यक्ती बालकल्याण समितीकडे मागता येते. आर्थिक साहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मनोधैर्य योजनेची चौकशी करा.

उत्तर : शिक्षिका, सिडको
त्या शिकवणीला इतरही मुले जातात. तुमची भाची बोलू शकली. त्यांच्यापैकी कोणी अजून गप्प असेल. घरातल्या मंडळींना हे आजच सांगा आणि तक्रार देताना पोलिसांनाही आवर्जून सांगा.